कोल्हा आणि कोंबडी

(शास्त्रपाठ : लूक 13:31-35; प्रेषितांचीं कृत्यें 20:28-31)

वर दिलेला पहिला पाठ आपण घरीं उघडून एकदां मोठ्यानें वाचावा, अशी आमची विनंति आहे. त्यांत आमच्या प्रभूनें दोन प्राण्यांचीं नांवें घेतलीं आहेत, आणि तीं दोन्ही नांवें मावळांतील ओट्यांवर दिवेलागणीच्या वेळीं नेहमीं ऐकूं येतात. कांहीं परूशी येऊन प्रभूस सांगतात कीं, हेरोद तुझ्या जिवावर उठला आहे, तूं येथून निघून जा. प्रभु हेरोदास कोल्हा म्हणतो. पुढें दोनच वचनांनंतर यरुशलेमेकडे पाहून शोक करितांना तो स्वतःस कोंबडीची उपमा देतो. पिलांस पंखांखालीं घेऊं पाहणारी कोंबडी, आणि पिलें मात्र येण्यास राजी नाहींत. शहरांतील श्रोत्यांस ही उपमा समजावून द्यावी लागते. कान्हे गांवच्या बहिणीस ती समजावून देण्याची गरज नाहीं, कारण तिच्या परसांत ती रोज घडते.

येथें एक लहानशी गोष्ट सांगून ठेवितों. लूकाच्या मूळ ग्रीक भाषेंतील शब्द खोकडाचा आहे, आणि जुन्या करारांतील इब्री शब्द खोकड व कोल्हा या दोहोंसही लागतो, असें पंडित सांगतात. आमच्याकडे कोल्हाच अधिक ठाऊक, म्हणून मराठी शास्त्रांत कोल्हा आला तें बरेंच झालें. कोंबडीस या वादाशीं कांहीं कर्तव्य नाहीं.

कान्हे हें पुणें-लोणावळें लोहमार्गावर वडगांव व कामशेत यांच्या मधलें स्टेशन. येथील फाट्यावरून एक रस्ता टाकव्याकडे, आंदर मावळांत जातो. सखल भागांत भाताचीं खाचरें, आणि त्यांच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या, कारवीचे उतार व डोंगर. जो इंद्रायणी तांदूळ आज पुण्यामुंबईच्या घरांत शिजतो, तो 1987 सालीं वडगांव मावळच्याच संशोधन केंद्रांतून शेतकऱ्यांच्या हातीं आला. त्या तांदळाच्या कण्यांवर आणि उकिरड्यावरील किड्यांवर येथील गांवठी कोंबड्या पोसतात. पांचदहा कोंबड्या ही घरच्या बाईची मिळकत होय. मुलाची वही, तान्ह्याचें औषध, दानाच्या थैलींतील नाणें हीं बहुतकरून अंड्यांच्याच पैशांतून निघतात. तेव्हां एका रात्रींत सात कोंबड्या गेल्या, तर ती हानि बाजारांतील दरानें मोजतां येत नाहीं.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही त्या बाजूस उपासनेसाठीं गेलों असतां डोंगराच्या पायथ्याशीं एका वृद्ध बहिणीच्या घरीं रात्रीं राहिलों. सारी वस्ती तिला आजी म्हणते, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वीं आजी पत्र्याच्या डब्यांत कण्या घेऊन अंगणांत आली व तिनें डबा वाजविला. चहूंकडून कोंबड्या धांवत आल्या. आजीनें दाणे टाकीत मोजणी केली. कोंबडा एक, कोंबड्या नऊ, तलंगा चार, आणि खुडूक उतरलेल्या एकीचीं पिलें अकरा. पिलें दहाच भरलीं. आम्ही म्हणालों, “आजी, अंधार पडत आला, एक पिलूं उद्यां सांपडेल.” आजीनें आमच्याकडे असें पाहिलें कीं, जणूं आम्ही कांहीं अमंगळ बोललों. तिनें नातवास हांक मारिली, विजेरी घेतली, आणि अर्धा घटका शोधून गोवऱ्यांच्या उडवीमागें अडकलेलें तें पिलूं पदरांत घालून आणिलें. तें आईखालीं सरकविल्यावर मग खुराड्याचें दार लाविलें, कडी घातली, आणि कडींत खुंटी ठोकली.

जेवतांना तिनें विचारिलें, “पाळकसाहेब, आज उपासनेला किती माणसं होती?”

आम्ही म्हणालों, “तीसएक असतील.”

“तीसएक म्हणजे तीस कां एकतीस?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां आजी म्हणाली, “ओढ्यापलीकडचं नवं घर पुनरुत्थानाच्या सणापासून आलेलं न्हाई. नवरा, बायको, दोन पोरं. आठ आठवडे झाले. कुनी मोजलं असतं तर कळलं असतं.”

वाचकहो, त्याच महिन्याच्या अहवालांत आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिलें होतें, ‘उपस्थिति समाधानकारक.’ तो अहवाल त्या वेळीं आमच्या पिशवींतच होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप फारशी आली नाहीं, आणि त्याचें कारण डांस नव्हते.

आतां कोंबड्यांविषयीं जें आम्ही आजीपाशीं व इतरांपाशीं शिकलों, तें प्रथम सांगतों. कारण ज्यास आपलें खुराडें राखतां येत नाहीं, त्यानें उपमेचा अर्थ सांगत बसूं नये.

शत्रु एक नाहीं, आणि प्रत्येकाची वेळ व वाट निराळी आहे. घार व शिक्रा दिवसां वरून येतात आणि उघड्यावरील लहान पिलूं उचलितात. त्यांवर तोड हीच कीं, पहिले कांहीं आठवडे पिलांस आईसह बुरुडानें विणलेल्या डालग्याखालीं ठेवावें, आणि पुढें सोडल्यावर परसांत करवंदीसारखी एखादी दाट जाळी राखावी. अंगण झाडून लोटून मोकळें केलेलें फार शोभतें, पण पिलाला दडण्यास तेथें जागा नसते. मुंगूसही दिवसांच येतें. मानेशीं चावतें, अंडींही फोडितें, आणि तुमच्या मुठीएवढ्या भोकांतून सहज आंत शिरतें. रानमांजर दिवेलागणीस व रात्रीं येतें आणि अख्खी कोंबडी तोंडांत धरून नेतें. उदमांजर झाडावर व छपरावर चढतें. त्याला खालचें दार नको, वरचें फुटकें कौल पुरे. कोल्हा तिन्हीसांजेस व पहांटे फिरतो, आणि खुराड्याची भिंत जमिनींत रोवलेली नसल्यास बुडाशीं उकरितो. घूस तर बीळ करून थेट पिलांखालींच निघते. घोरपड व धामण अंड्यांसाठीं येतात. कधीं नागही येतो. म्हणून अंड्यांच्या टोपलींत उजेड पाडून पाहिल्यावांचून कोणीं हात घालूं नये, आणि हें काम लहान मुलांकडे तर मुळींच देऊं नये. बिबट्या बहुधा कुत्र्यांसाठीं व शेळ्यांसाठीं वस्तींत येतो. पण खुराड्यांतील गलबला ऐकून काळोखांत एकट्यानें बाहेर धांवणें हें शौर्य नव्हे. कोंबडी दुसरी मिळेल.

आणि कित्येक वेळां चोर घरचाच असतो. खुराड्याजवळ हाडें व उष्टें टाकण्याची संवय असली, तर तेथें कुत्रीं जमतात; आणि एकदां पिलाची चव लागलेलें कुत्रें पुढें सुधारलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. संत पौलानें मिलेत येथें इफिसच्या वडिलांस बोलावून जो निरोप घेतला, त्यांत बाहेरून येणाऱ्या लांडग्यांची सूचना दिल्यावर लागलीच तुमच्यांतूनही माणसें उठतील असें सांगितलें. आम्ही हें वचन पुष्कळ वेळां वाचिलें होतें. त्याचा क्रम मात्र खुराड्याशीं उभे राहिल्यावर ध्यानांत आला.

खुराडें जमिनीपासून दीडदोन हात उंच असावें व तळास बांबूच्या कामट्या जवळजवळ बसवाव्या. कारवीच्या कुडाचें खुराडें स्वस्त पडतें व चांगलेंही असतें, पण मावळच्या पावसांत तें कुजतें. म्हणून श्रावणांत एकदां व पाऊस सरल्यावर एकदां बोटानें दाबून पाहावें. जाळी घ्यावयाची तर बाजारांत जी षट्कोनी घरांची नाजूक जाळी मिळते, ती कोंबड्यांस आंत राखण्यापुरती आहे. कुत्र्यास किंवा कोल्ह्यास बाहेर राखण्यास ती पुरत नाहीं. जोडकाम केलेली अर्ध्या इंचाची जाळी घ्यावी, आणि खुराडें जमिनीवरच असेल तर ती हातभर खोल पुरावी किंवा बाहेरच्या बाजूस जमिनीवर पसरून वर दगड ठेवावे; उकरणाऱ्याचा पंजा तेथेंच अडतो. कोंबडी निवडतांनाही विचार करावा. शुभ्र पांढरी विलायती कोंबडी अंडीं अधिक देते, पण घारीला ती लांबून दिसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें परसांत पाळण्यासाठीं वनराजा नांवाची जात तयार केली, तिला रंगीत पिसें व लांब पाय आहेत, ते शत्रूपासून लपावें व पळावें याही हेतूनें उपयोगी पडतात. विद्वानांनीं जें पुष्कळ खटपटीनें साधलें, तें आमच्या गांवठी तांबूस-करड्या कोंबडीस देवानें अगोदरच दिलें आहे, हें पाहून आम्हांस मौज वाटली.

एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें प्राप्त आहे. कित्येक लोक रागानें मेलेल्या कोंबडींत विष भरून शेताच्या बांधावर ठेवितात, किंवा फांसे लावितात. हें करूं नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपड व बिबट्या यांस संरक्षण आहे आणि विष घालून रानजनावरें मारणें हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरीही ख्रिस्ती मनुष्यानें तें केलें नसतें. विष कोणाच्या पोटांत जाईल हें घालणाऱ्यास ठाऊक नसतें. शेजाऱ्याचें कुत्रें मरतें, घार मरते, एखादें लेंकरूंही हात लावितें. जी धामण आपण काठीनें ठेंचितों, तीच भाताच्या कणगीवरील उंदीर खाते. शिवाय एकशें चवथें स्तोत्र सांगतें कीं, रानांतील पशूही आपलें अन्न देवापाशींच मागतात. कोल्हा रात्रीं फिरतो तें त्याचें काम आहे. दाराची कडी लावणें हें आमचें काम आहे. आणि तें आम्हीं केलें नाहीं तर कोल्ह्यास शिव्या देऊन तें केल्यासारखें होत नाहीं.

आतां मंडळीकडे वळूं. रात्रीं कोंबडीस दिसत नाहीं. दिवसां जी कुत्र्यासही चोंच मारील, तीच काळोखांत आढ्यावर अशी स्तब्ध बसते कीं, शत्रूनें तिला फुलासारखें उचलावें. म्हणून तिला रात्रीं वांचवितां येत नाहीं. संध्याकाळींच वांचवावें लागतें. बंधूंनो, आमच्या मंडळ्यांतील जीं माणसें हरवलीं, त्यांविषयीं आम्ही विचार केला तेव्हां असेंच दिसून आलें. मनुष्य सावकाराच्या पाशांत पुरता गुंतल्यावर, किंवा दारूच्या दुकानीं रोज बसूं लागल्यावर, किंवा घरांत मरण घडून त्याचें मन देवावर रुसल्यावर, आम्ही दहा जण मिळून प्रार्थनेस जातों. तोंवर त्याचा काळोख झालेला असतो. त्याला आमचा हात व शत्रूचा हात यांतील भेद दिसत नाहीं. संध्याकाळ होती तेव्हां, म्हणजे तो प्रथम दोन रविवार आला नाहीं तेव्हां, आम्ही कोठें होतों? आम्ही तीसएक मोजीत होतों.

कोंबडीचा दुसरा गुण तिच्या आवाजाचा. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीं दाखविलें आहे कीं, वरून ससाणा आला असतां कोंबडा एक प्रकारें ओरडतो, आणि जमिनीवरून शत्रु आला असतां दुसऱ्या प्रकारें. आणि तो आवाज ऐकणाऱ्या कोंबड्या त्याप्रमाणें एकदां दबून बसतात व एकदां मान उंच करून पाहतात. आमचे कित्येक उपदेशक मात्र बाराही महिने एकच आवाज काढितात. आम्ही कोणास दुखवूं इच्छित नाहीं, आणि आमचाही आवाज पुष्कळदां तसाच होता. लग्नसराईत कर्जाविषयीं बोलावें, तर आम्ही मोआबाच्या वंशावळीविषयीं बोलतों. जमिनीचा दलाल गांवांत फिरूं लागला, डोंगराच्या उताराचे तुकडे विकले जाऊं लागले, हातांत एकाएकीं पैसा येऊन तितक्याच त्वरेनें जाऊं लागला, आणि भाऊ भावाशीं बोलेनासा झाला. त्या वेळीं लोकांस काय ऐकावयास पाहिजे होतें? शत्रु कोणत्या दिशेनें येतो तें पाहून जो ओरडतो, त्याचेंच पिलें ऐकतात.

आणि शेवटीं पंख. प्रभूनें स्वतःस गरुड म्हटलें असतें तर तें शास्त्राबाहेरचें झालें नसतें. अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायांत देव इस्राएलास गरुडासारखा वाहून नेतो. हेरोदासमोर सिंह होऊन उभें राहणेंही त्याला शक्य होतें. परंतु त्यानें कोंबडी निवडली, जिच्यापाशीं कोल्ह्याविरुद्ध दांत नाहींत, नखें म्हणावीं तर उकिरडा उकरण्यापुरतीं आहेत. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, दिवसांतून एकदां कसेंबसें दाण्यापाण्यास उठते, आणि तिच्या अंगावरील मांस उतरतें. पिलें झाल्यावर संकट येतां ती पळत नाहीं. पंख पसरून खालीं बसते आणि स्वतः शत्रु व पिलें यांच्या मध्यें राहते. वणव्यांत जळालेल्या कोंबडीच्या पंखांखालीं पिलें जिवंत सांपडल्याची एक कथा उपदेशांत वारंवार सांगतात. आम्ही ती सांगत नाहीं. वधस्तंभाची गोष्ट खरी असतां ऐकीव कथेचा आधार कशाला? हेरोदास जो निरोप प्रभूनें पाठविला, त्याचा अर्थ असा होता कीं, मी पळणार नाहीं, माझें काम चालूं राहील, आणि मी यरुशलेमेसच जाईन. तो गेला. तेथें त्याचे हात खरोखर पसरले गेले.

पण त्या वचनांतील दुःख असें कीं, पिलें आलीं नाहींत. पंख असूनही नगरी उघड्यावर राहिली. पंखांखालीं येणें हें पिलाचें काम आहे, आणि तें कोणास बळानें करवितां येत नाहीं. डबा वाजविणें, मोजणें, आणि जें आलें नाहीं त्याला शोधावयास निघणें, एवढें आमच्याकडे आहे. याच पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं 1897 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपाशी मुली व विधवा आणून ठेविल्या, त्या बाईंनीं व्याख्यान देऊन काम भागविलें नाहीं. त्या स्वतः दुष्काळाच्या मुलुखांत जाऊन एकेकीस हातीं धरून घेऊन आल्या, आणि नंतर त्यांच्यासाठीं विहिरी खोदविल्या, घरें बांधिलीं, त्यांस काम शिकविलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही व आजीचा नातू ओढा ओलांडून त्या घरीं गेलों. दार अर्धें उघडें होतें. बाई भांडीं घांसीत होती. ती म्हणाली, ‘कामावर गेले आहेत.’ ते कामावर गेले नव्हते, आंत निजले होते. थोरल्या मुलाच्या आजारपणांत घेतलेलें कर्ज, तें फेडण्यास घेतलेलें दुसरें कर्ज, आणि दानाच्या थैलींत घालावयास कांहीं नाहीं म्हणून रविवारची लाज. एवढेंच होतें. इतकी लहान फट. आणि आठ आठवडे आम्हीं कोणीं ती बोटानें दाबून पाहिली नव्हती. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं चहा दिला. रविवारीं ते आले नाहींत, त्याच्या पुढल्या रविवारींही नाहींत.

तेव्हांपासून त्या मंडळींत एक वही आहे. अहवालासाठीं ती नाहीं, आणि ती साहेबांस दाखवावयाची नाहीं. तींत संख्या लिहीत नाहींत, नांवें लिहितात. आणि ज्याचें नांव दोन रविवार राहिलें, त्याच्या घरीं सोमवारीं संध्याकाळीं, काळोख पडण्यापूर्वीं, दोघांनीं जावें असा नियम केला आहे. जातांना पुस्तक नेलें तरी चालेल, परंतु प्रथम त्याचें ऐकून घ्यावें. कर्जाची गोष्ट निघाली तर बचतगटांतील बहिणींस किंवा सहकारी बँकेच्या माहितगार मनुष्यास भेटवावें. केवळ प्रार्थना करून उठूं नये. ही वही पाळकानें ठेवूं नये, असें आजीचें मत पडलें, व तें मान्य झालें. ती तिच्या नातवाकडे आहे.

ओढ्यापलीकडील घरांतून भाद्रपदांत, पाऊस पडत असतां, धाकटा मुलगा एकटाच आला व दाराजवळ बसला. पुढच्या वेळीं त्याची आई आली. बापाचें नांव वहींत अजून कोरेंच आहे, आणि सोमवारीं दोघे जण जात असतात.